स्विफ्ट खाली घेताना: चाळीसगावच्या गॅरेजमधल्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आजपासून वही सुरू. गाडी अण्णांची, २००८ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल. सोळा वर्षं घरात आहे, इंजिन ठणठणीत. पुढचे दोन्ही शॉकअप मात्र गेलेत. बोनेट दाबून सोडलं की गाडी दोन-अडीच वेळा वरखाली होते, डाव्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ आहे. शॉकअप बदलायचेच आहेत, तर स्प्रिंगाही कमी उंचीच्या घालाव्यात असं कित्येक दिवस मनात आहे.

कन्नडच्या घाटात ही गाडी वळणावर फार कलते. हा औट्रम घाट उतरताना पुढचं बाहेरचं चाक दबतं, मागचं आतलं हलकं होतं आणि स्टिअरिंग उशिरा ऐकतं. ते मला सुधारायचं आहे. गाडी खाली घेतली की दिसायलाही छान दिसेल, ही इच्छाही आहेच. टायर आणि मडगार्ड यांच्यामधली ती चार बोटांची फट मला कधीच आवडली नाही.

गॅरेजवाला मित्र म्हणाला, "भाऊ, गाडी खाले कर, मग दख कशी चिकटी चालस." चिकटते का ते मोजूनच ठरवायचं. म्हणून ही वही.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मतदान केलं आणि गाडी ओळखीच्या जिनिंगच्या गोदामात नेली, कारण मोजायला सपाट जमीन हवी. फरशी खरंच सपाट आहे का हे गवंड्याच्या लेव्हल पाईपने तपासलं. चारही चाकांखालच्या जागांत ३ मिमीचा फरक निघाला, तेवढ्या जाडीचे पत्र्याचे तुकडे घातले.

चारही टायरमध्ये ३० ची हवा, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या जागेवर ७० किलोची सरकीची पोती. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे ३८८, मागे ३८२ मिमी.

जमिनीपासूनची उंची कंपनीच्या कागदावर १७० मिमी आहे. आमच्या गाडीला १६५/८० च्या जागी १८५/७० चे टायर आहेत. रिम दोन्हीकडे १४ इंचीच, पण नव्या टायरचा व्यास ५ मिमीने कमी, म्हणजे अडीच मिमी तिथेच गेले.

आणखी एक माप घेतलं. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा. त्याचं आतलं टोक (रबरी बुशचा बोल्ट) आणि बाहेरचं टोक (बॉलजॉइंट), दोन्ही जमिनीपासून किती उंच? बॉलजॉइंट २२ मिमीने खाली आहे, म्हणजे आर्म बाहेरच्या बाजूला उतरता. त्याची लांबी साधारण ३४० मिमी. हे का मोजलं ते मला नीट सांगता येणार नाही. आडवं पडून मोजतच होतो, तर तेही लिहून घेतलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

धुळे रोडवरच्या एका मेस्त्रीने दोन उपाय सांगितले, एक स्प्रिंग कापायची आणि दुसरा गॅसकटरच्या ज्योतीने तापवून बसवायची. पाचशे रुपयांत काम.

तापवणं तर नकोच. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात जे पाणी दिलेलं असतं ते त्या ज्योतीत उतरतं. आज बसलेली स्प्रिंग सहा महिन्यांत आणखी बसते, तीही चारही सारख्या नाही.

कापण्याचं गणित वेगळं आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो, वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाने कमी होतो आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येनेही कमी होतो. साडेपाच वेटोळ्यांतून एक कापलं की ५.५ भागिले ४.५, म्हणजे २२ टक्के कडकपणा वाढला. अडचण टोकाची आहे. कंपनीने टोक ज्या आकारात वळवलेलं असतं ते खालच्या ताटलीच्या खोबणीत बसतं, कापलेलं टोक तसं बसत नाही. शिवाय चाक पूर्ण लटकलं की आखूड स्प्रिंग ताटलीत सैल होते. आपल्याकडच्या खड्ड्यांत चाक रोज पूर्ण लटकतं. धावत्या गाडीत स्प्रिंग ताटलीवरून सरकली तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून तयार संच मागवला. चार स्प्रिंगांचे १६,५०० रुपये. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे ४० मिमी खाली, मूळपेक्षा सुमारे ३० टक्के कडक.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ हे वाचून घेतलं. नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. विम्याच्या माणसालाही फोन करून सांगितलं. लपवून करायचं नाही, हे अण्णांना शब्द देऊन ठरवलं आहे.

१ डिसेंबर, रविवार

दिवसभर काम.

मागची बाजू सोपी निघाली. मागे सलग आडवी बीम आहे, स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे. बॉडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, बीमखाली जॅक लावला, शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि जॅक हळूहळू उतरवला. स्प्रिंग हातात आली.

पुढे तीन तास गेले. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) बाहेर काढल्यावर स्प्रिंग आवळायला दोन पंज्यांची क्लॅम्प लावली. दोन्ही बाजू आळीपाळीने, प्रत्येक वेळी दोनच आटे. मधलं नट सोडताना तोंड कुणीही स्ट्रटच्या रेषेत आणायचं नाही, हे पोराला तीनदा सांगितलं. जुनी माउंटिंगं फुटलेली होती, बेअरिंगमध्ये वाळू. दोन्ही नवीन घातली. शॉकअप मात्र कंपनीच्या मापाचे साधेच घेतले, पैसे तिथे वाचवले.

बुशचे बोल्ट चाकं लटकत असताना आवळले नाहीत, हे बरं केलं. लटकत्या स्थितीत आवळले की रबर त्याच स्थितीत धरलं जातं, आणि गाडी खाली ठेवली की ते कायम पिळलेलं राहतं. काही महिन्यांत फाटतं. म्हणून चाकांखाली लाकडी ठोकळे देऊन, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळले.

संध्याकाळी माप: पुढे ३४३, मागे ३४२. म्हणजे पुढे ४५ आणि मागे ४० मिमी खाली. गोदामाच्या दारात उभी केली आणि मी बराच वेळ नुसता बघत उभा होतो. फार सुंदर दिसते.

३ डिसेंबर, मंगळवार

अलाइनमेंट. पुढच्या चाकांचा कॅम्बर आधी जवळपास सरळ होता, आता दोन्हीकडे उणे सव्वा अंशाच्या आसपास, म्हणजे चाकांचे माथे आत झुकले. टो, म्हणजे पुढची चाकं समोरच्या बाजूला किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप, ५ मिमी बाहेर गेला होता. तसाच चालवला असता तर टायरची आतली कड दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये तारेपर्यंत गेली असती. टो शून्यावर आणून घेतला. खाली घेतलेल्या गाडीचे टायर आतून खातात त्याचा दोष लोक कॅम्बरला देतात. कॅम्बर थोडं खातो, खरा खाणारा बिघडलेला टो असतो.

शॉकअपच्या दांड्यावर प्लॅस्टिकची पट्टी आवळून ठेवली आहे. स्ट्रट दबला की पट्टी वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. चाकाने किती प्रवास केला ते मग कळतं. मूळ स्थितीत बंप स्टॉपचं रबर (स्ट्रटचा प्रवास शेवटी अडवणारं) टेकायला ७५ मिमी जागा होती. आता ३० आहे.

८ डिसेंबर, रविवार

पहाटे साडेपाचला निघालो, घाटात गर्दी नसते तेव्हा.

पहिल्या दोन वळणांवर आनंद झाला. स्टिअरिंग वळवताच गाडीचं तोंड वळतं, पूर्वीसारखा आधी कलून मग वळायचा खेळ नाही. गुळगुळीत डांबरावर हे निखालस चांगलं आहे.

मग ते लांब उजवं वळण आलं, ज्याच्या मधोमध डांबराची ठिगळं आहेत. वेग ४५. गाडी वळणात दबलेली, डावं पुढचं चाक ठिगळावर चढलं आणि खट्ट असा आवाज आला. त्याच क्षणी पुढचा भाग बाहेर सरकला. अर्धा हात असेल, पण सरकला. स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं आणि पुन्हा जड झालं. परत फिरून त्याच वळणावर ४० ने गेलो, तेच झालं. गाडी जुन्या स्प्रिंगांवर होती तेव्हा इथे ५० ने आरामात जायची, कलून का होईना.

दुसरी गोष्ट. सरळ रस्त्यावर फक्त डावं चाक खड्ड्यात गेलं तरी गाडी आपणहून थोडी वळते. स्टिअरिंग सरळ धरलेलं असतानाही.

खाली येऊन पट्ट्या पाहिल्या. दोन्ही पट्ट्या बंप स्टॉपपर्यंत गेलेल्या, आणि डाव्या बाजूच्या रबरावर ताजी चकाकी. आवाज कशाचा ते कळलं. कलण्यातच ३० पैकी बहुतेक जागा संपते, ठिगळासाठी काही उरत नाही. स्प्रिंगचं काम रबरावर येतं, आणि त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा कितीतरी पट होतो. टायरवर एकदम वजन आदळतं आणि पकड सुटते.

पण कलणं कमी का झालं नाही? ४५ मिमी खाली, स्प्रिंग ३० टक्के कडक, तरी शेजारी ठेवलेली पाण्याची बाटली पूर्वीइतकीच डावीकडे घरंगळत होती. रात्रभर तेच डोक्यात.

११ डिसेंबर, बुधवार

उत्तर सापडलं. ते २० नोव्हेंबरच्या नोंदीतच होतं, त्या २२ मिमीत.

गाडी वळताना ज्या बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. त्याच्यापासून गाडीच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं उभं अंतर ही कलवणाऱ्या जोराची तरफ. तरफ लांब तितकी गाडी जास्त कलते. स्ट्रटच्या गाडीत हा बिंदू कागदावर काढता येतो. लोअर आर्मची रेघ आतल्या बाजूला लांबवायची. स्ट्रटच्या माथ्यावरून स्ट्रटला काटकोनात दुसरी रेघ काढायची. दोन्ही जिथे भेटतील तिथून टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूपर्यंत तिसरी रेघ. ही तिसरी रेघ गाडीच्या मधल्या रेषेला जिथे छेदते, ते रोल सेंटर.

आलेखाच्या कागदावर एकास दहा प्रमाणात काढलं. मूळ स्थितीत रेघा साधारण अडीच मीटरवर भेटतात आणि रोल सेंटर जमिनीपासून सुमारे १० सेंटिमीटर वर येतं. मग आर्मचं बाहेरचं टोक ४५ मिमी वर घेऊन पुन्हा काढलं. आता बॉलजॉइंट आतल्या टोकापेक्षा २३ मिमी वर आहे, आर्म उलट्या दिशेने चढता झाला आहे. रेघा भेटेनातच. तिसरा कागद चिकटवावा लागला, तेव्हा पावणेपाच मीटरवर भेटल्या, तेही जमिनीच्या खाली. रोल सेंटर जमिनीखाली २ सेंटिमीटर.

म्हणजे गुरुत्वमध्य साडेचार सेंटिमीटर उतरला आणि रोल सेंटर बारा. तरफ साडेसात सेंटिमीटरने वाढली, साधारण १७ टक्के. कडक स्प्रिंगांनी जे कमावलं ते तरफेने खाल्लं. पुढे कलण्याला स्प्रिंगेइतकाच स्टॅबिलायझरही (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) अडवतो, आणि तो तर बदललेलाच नाही. बाटली घरंगळली यात नवल नाही.

आर्म आडव्या रेषेच्या वर गेल्याचा दुसरा तोटा कॅम्बरचा. आर्म उतरता असताना चाक वर चढलं की बॉलजॉइंट बाहेर ढकलला जातो आणि चाकाचा पाया बाहेर जातो, त्यामुळे वळणात टायर जमिनीवर सपाट बसतो. आडवी रेषा ओलांडली की बॉलजॉइंट उलट आत ओढला जातो. नेमकी गरज असते तेव्हाच टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. टायरॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन आणि आर्मचा कोन यांचा मेळही सुटला, म्हणून चाक वरखाली झालं की टो बदलतो. एका खड्ड्यात गाडी आपणहून वळते ती यामुळे.

फायदा काहीच नाही असं नाही. गुरुत्वमध्याची उंची साडेपाचशे मिमीच्या आसपास धरली तर ४५ म्हणजे आठ टक्के. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन तेवढं कमी होतं, आणि हा फायदा खरा आहे. पण त्याच्यासाठी मी चाकाचा प्रवास आणि आर्मचा कोन दोन्ही देऊन बसलो.

१५ डिसेंबर, रविवार

अण्णा, माय आणि काकूंना घेऊन पाटणादेवीला. गाडीत आम्ही चौघे.

वाटेतल्या एका गावच्या गतिरोधकावर पोट घासलं. लांब, खरखरीत आवाज. अण्णा एवढंच म्हणाले, "लागनी रे." पुढच्या गतिरोधकाला माय आणि काकू न सांगता उतरल्या, चालत पलीकडे गेल्या आणि पुन्हा बसल्या. मायचे गुडघे दुखतात. तिला असं उतरावं लागलं ते मला फार लागलं.

परत येताना थांबून तो गतिरोधक मोजला. उंची १५० मिमी, रुंदी ६० सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमावलीत गोल गतिरोधकाचं माप दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर, ताशी २५ किलोमीटरच्या वेगासाठी. स्विफ्टच्या दोन आसांमधलं अंतर २३९० मिमी. मापातल्या गतिरोधकावर चारही चाकं एकदमच चढलेली असतात, त्यामुळे पोटाखालची फक्त ४२ मिमी जागा जाते. ६० सेंटिमीटरच्या उंचवट्यावर पुढची चाकं उतरून गेलेली असतात, मागची चढायची असतात, आणि पूर्ण १५० मिमी पोटाला भिडतो. चौघांच्या वजनाने बसलेल्या माझ्या गाडीखाली १०० देखील नव्हते. तेलाच्या चेंबरला धक्का नाही, सायलेन्सरच्या पाइपवर घासल्याची रेघ आहे.

२२ डिसेंबर, रविवार

गिरणाकाठच्या रस्त्यावर वेगळंच दिसलं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर लाटांसारखं होतं. खड्डा एकही नाही, नुसत्या लाटा. एका जागी पावलांनी मोजलं, लाटेच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण १२ मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे सेकंदाला १.४ झोके. साध्या मोटारीची बॉडी स्प्रिंगांवर स्वतःच्या लयीत झुलते ती सेकंदाला सव्वा ते दीड वेळा. दोन्ही लयी जुळल्या की झोका वाढतच जातो, आणि त्याला आवरणारा फक्त शॉकअप. कडक स्प्रिंगांनी ती लय थोडी वर सरकली, त्यामुळे आता ६० ऐवजी ७० ला गाडी झुलते. आणि मी शॉकअप साधेच ठेवले. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली की तिला तितकंच आवरायला शॉकअप १.३ च्या वर्गमुळाने, म्हणजे १४ टक्के जास्त घट्ट हवा. पैसे वाचवायची ती जागा नव्हती.

ठरलं ते असं. स्प्रिंगा ह्याच ठेवायच्या. पुढे स्प्रिंग आणि वरच्या ताटलीमध्ये २२ मिमी जाडीची नायलॉनची चकती. मग गाडी ४५ ऐवजी २३ मिमी खाली राहील आणि आर्म जवळपास आडवा येईल. मागे स्प्रिंग आर्मवर चाकाच्या आसाच्या पुढे, सांध्याच्या बाजूला बसते, चकतीच्या जाडीपेक्षा गाडी जास्त उचलली जाते, म्हणून तिथे १५ ची चकती पुरेल. शॉकअप चारही नवीन, गॅसचे, जरा घट्ट.

चकत्या लेथवाल्याकडे टाकल्या. त्याने नायलॉनचा गठ्ठा लावून पहिली चकती कातली, व्हर्नियर लावला, २१.६. म्हणाला चालेल. मी म्हटलं २२ च पाहिजे, दोन्ही सारख्या. त्याने न कुरकुरता दुसरा तुकडा लावला.

५ जानेवारी २०२५, रविवार

सगळं बसवलं. पुढे ३६५, मागे ३६३. आर्मची दोन्ही टोकं लेव्हल पाईपने मोजली, फरक १ मिमी. बंप स्टॉपपर्यंत ५२ मिमी जागा. कागदावर रोल सेंटर जमिनीच्या वर ४ सेंटिमीटर. अलाइनमेंट परत केलं, कॅम्बर उणे पाऊण अंश, टो १ मिमी आत. हेडलाइटही भिंतीवर धरून लावून घेतले.

फट आता जवळपास तीन बोटांची आहे. १ डिसेंबरला जशी दिसली होती तशी दिसत नाही. त्याचं वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवतो.

१२ जानेवारी, रविवार

घाट. थंडी, उतारावर धुकं, म्हणून उजाडेपर्यंत वर चहाच्या टपरीवर थांबलो.

तेच उजवं वळण, तीच ठिगळं. ४०, मग ४५, मग ५०. चाक ठिगळावर चढलं, दबलं, उतरलं, आणि गाडी आपल्या रेषेत. आवाज नाही. स्टिअरिंगमध्ये फक्त एक हलका ठोका आला, चाक कुठून गेलं ते सांगणारा. कलणं मूळ गाडीपेक्षा स्पष्ट कमी आहे. उतारावर ब्रेक दाबल्यावर नाक पूर्वीसारखं खाली जात नाही. एका चाकाच्या खड्ड्यात वळण्याची खोड पूर्ण गेली नाही, पण लक्ष देऊन शोधावी लागते.

खाली येऊन पट्ट्या पाहिल्या. बंप स्टॉपच्या ९ मिमी अलीकडे.

लाटांच्या रस्त्यावर ७० ला एकच झोका, दुसरा येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

अण्णा काल धुळ्याला लग्नाला गाडी घेऊन गेले, चौघे आणि डिकीत भांडी. येताना पाटणादेवीच्या वाटेवरचा तोच गतिरोधक मुद्दाम घेतला म्हणे. तिरकी काढली, एकेक चाक चढवत. लागली नाही, कुणी उतरलं नाही.

राहिलेली कामं: मागच्या बीमचे बुश मे महिन्याच्या आत. ४४-४५ अंशांच्या उन्हात शॉकअपचं तेल पातळ झाल्यावर लाटांचा रस्ता पुन्हा एकदा. जुन्या चार स्प्रिंगांना तेल लावून, कुठली कुठल्या बाजूची ती चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवल्या आहेत.

कालच्या फेरीनंतर पुढच्या पट्ट्या: डावी ६ मिमी बाकी, उजवी ८. दोन्ही परत खाली सरकवून ठेवल्या.